क्लीनर साइडची सळई

या फोरमवरच्या अशा अनुभवांच्या धाग्यांवर मी आजवर फक्त खवचट प्रतिसाद दिलेत, हे इथले जुने लोक जाणतात. कोणाच्या स्वप्नात आजोबा आले की "आदल्या रात्री काय जेवला होतात?" असं विचारणारी मीच. कोणाला पांढरी साडी दिसली की "चष्म्याचा नंबर तपासून घ्या" म्हणणारीही मीच... तेव्हा आज मीच अनुभव लिहायला बसलेय म्हटल्यावर ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. माझी हरकत नाही. भूतबीत मी आजही मानत नाही. आयुष्यभर पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवलं. जे मोजता येत नाही त्याला मी मार्क देत नाही, अशी माझी वर्गात ख्याती होती. पण हे एक प्रकरण कुठल्याच खान्यात बसलं नाही, आणि आता ते सांगून टाकावंसं वाटतंय.

गाव हैदराबाद, घर विद्यानगरला. काळ नव्वदच्या दशकाच्या मधला — देशाची दारं उघडली होती आणि रस्त्यावर रोज नवी चकचकीत गाडी दिसायला लागली होती. आमच्याकडे मात्र पन्नासच्या दशकातली एक विलायती गाडी होती. गोल टपाची, बुटकी, हिरवी. मेक सांगत नाही. सांगितलं की इथले गाडीवाले अनुभव सोडून तेवढंच धरून बसतील. घरात तिला बेगम म्हणायचे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोर्टातली नोकरी लागल्यावर ती सेकंडहँड घेतली होती आणि तीसेक वर्षं चालवली. नुसती चालवली हं! बॉनेट उघडायची कळ कुठे असते हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. गाडी खुर्रखुर्र करायला लागली की ते खाली उतरून, छत्री काखेत मारून, सरळ रिक्षा शोधायचे.

त्या प्रसंगाच्या दोन वर्षं आधी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डावा हात थोडा चाले. तोंडातून फक्त "हं" यायचं — भूक लागली तरी हं, दुखलं तरी हं. ज्या माणसाच्या खणखणीत आवाजातल्या मराठीला कोर्टातले उर्दूचे जाणकारसुद्धा दाद द्यायचे, त्याचं हे. डॉक्टर म्हणाले, वाचा आता येणार नाही, अपेक्षा ठेवू नका. मी ठेवली नाही. आई मात्र रोज सकाळी चहाची कपबशी पुढे करून विचारायची, "साखर बरोबर आहे ना, अहो?" आणि उत्तराची वाट बघत थोडा वेळ तशीच उभी राहायची.

त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर गुलबर्ग्याहून फोन आला. कमळाआत्या — अण्णांची थोरली बहीण, अण्णांना आईच्या माघारी तिनेच वाढवलेलं — अंथरुणाला खिळली होती आणि एकच धोशा लावून बसली होती, भावाला एकदा दाखवा. अण्णांना नेणार कसं? बसवलेले ते दहा मिनिटांत कलंडायचे, त्यामुळे रेल्वेचा आणि टॅक्सीचा प्रश्नच नव्हता. बेगमची पुढची डावी सीट काढून मी तिथून मागच्या सीटपर्यंत फळी आणि गादी टाकून घेतली होती. त्यावर ते आडवे राहू शकायचे. फिजिओथेरपीला नामपल्लीला तसेच न्यायचो. पण बेगमचे पुढचे शॉकअप पार गेले होते. प्रत्येक खड्ड्याला गाडी तीनदा उसळायची आणि प्रत्येक उसळीला मागून अण्णांचा "हं" ऐकू यायचा. दोनशे किलोमीटर असं न्यायचं म्हणजे छळच.

म्हणून मी ठरवलं, बेगमचं सस्पेन्शनच बदलायचं. जुने हाताच्या आकाराचे शॉकअप काढून टाकायचे आणि त्या जागी नव्या छोट्या गाड्यांचे, नळीसारखे उभे शॉकअप बसवायचे. ते तेव्हा कुठेही मिळत होते. त्यासाठी अंबरपेठेतल्या गफूर उस्तादांकडून लोखंडी ब्रॅकेट करून घ्यायचे होते. पुस्तकी बाई पहिल्यांदाच पाना हातात धरणार म्हणून उस्ताद आधी पोट धरून हसले. मग गंभीर झाले.

"सब करो मॅडम," ते म्हणाले, "खाली वो दो डंडे संभालके. जो डंडा जिधर चालीस साल मरोड़ खाया, उसकू उधरिच डालना. इधर का उधर करे तो टूटता. आज नै तो कल, लेकिन टूटता."

हे दोन डंडे म्हणजे पुस्तकातले टॉर्शन बार. बेगमला पुढे स्प्रिंगा नाहीत. त्याऐवजी दोन्ही बाजूंना जमिनीला समांतर अशा चार फुटांच्या पोलादी सळया आहेत. चाक खड्ड्यात गेलं की सळई पिळली जाते आणि परत सुटते. डावी एका दिशेने पिळते, उजवी उलट्या. वर्षानुवर्षं एकीकडे पिळलेली सळई दुसरीकडे घातली की ती कधी मोडेल सांगता येत नाही, आणि भर वेगात मोडली की पुढचं चाक आडवं. मी हे वर्गात शिकवलेलं होतं, त्यामुळे उस्तादांचं ऐकून मी जरा हसलेच — मला सांगताय?

दसऱ्याच्या सुट्टीत मागच्या शेडमध्ये बेगमला लाकडी ठोकळ्यांवर चढवली आणि पुढचा सगळा भाग सुटा केला. एकेक भाग निघाला की त्यावर खडूने खूण आणि सुतळीने बांधलेली चिठ्ठी. ड्रायव्हर साइड म्हणजे उजवी, क्लीनर साइड म्हणजे डावी. इकडच्या गॅरेजांत उजवं-डावं कोणी म्हणत नाही, हेच म्हणतात. उस्तादांना कळावं म्हणून मीही तेच लिहिलं. इतकं नीटनेटकं काम की फोटो काढून विद्यार्थ्यांना दाखवावं.

नवमीच्या सकाळी मी ब्रॅकेट आणायला अंबरपेठला गेले. परत आले तर व्हरांड्यात चटई अंथरलेली, तिच्यावर बेगमचे सगळे भाग ओळीने मांडलेले, प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटं आणि झेंडूचं फूल. दोन्ही सळया मधोमध, आरशासारख्या चमकत.

खंडेनवमी. घरातली हत्यारं-अवजारं धुऊन पुजायचा दिवस. इतकी वर्षं आमच्याकडे विळी, कात्री आणि अण्णांचं पेन पुजलं जायचं. त्या वर्षी पहिल्यांदाच घरात खरं लोखंड आलं होतं, आणि आईने मागच्या नळावर बसून आधी रॉकेलने, मग राखेने आणि वर चिंचेने सगळं घासून काढलं होतं.

"चिठ्ठ्या कुठायत?" मी विचारलं.

"त्या होय... मळून चिकट झाल्या होत्या. काढून टाकल्या. देवासमोर असं कळकट ठेवतात का?"

मी चटईपाशी बसून एकेक भाग उलटून बघितला. बाकीच्या भागांचं निभावलं असतं. ते आकारानेच ओळखू येतात. पण त्या दोन सळया सारख्याच. टोकांवर कारखान्याने ठोकलेली बाणाची खूण असते असं पुस्तक म्हणतं. पण दोन्हीची टोकं गंजून केव्हाच गुळगुळीत झाली होती. भिंग लावलं, टॉर्च मारला, व्हर्नियरने मोजल्या. केसाचाही फरक नाही. मी आईला तोडून बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे यांना आता नेता येणार नाही का गं?" त्या दिवशी ती जेवली नाही.

दुपारी पुन्हा अंबरपेठ. उस्तादांनी कपाळावर हात मारला. "निशान धो डाले? या अल्ला! नये डंडे तो किधरबी नै मिलते मॅडम, मार्केट में अब सब नयी गाड़ियों का माल है. पुराना सब भंगार में तुल गया." मग दाढी खाजवत म्हणाले, "कल दोपहर कू आता मैं. तब तक तुम सोच लो. अंदाजे से डालना है तो जिम्मा तुम्हारा."

दसऱ्याला सकाळी मी सोचले. एका सळईच्या टोकाला असतात त्या दातांत काळसर ग्रीस थोडं जास्त अडकलेलं दिसत होतं, आणि उजवीकडे ग्रीस जास्त होतं असं अंधूक आठवत होतं. एवढ्याच आधारावर ठरवलं, ही ड्रायव्हर साइडची. शास्त्र शिकवणाऱ्या बाईचं हे शास्त्र! पण दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. आत्याच्या घरून परत फोन आला होता, आणि "येतो" असं आई सांगून मोकळी झाली होती.

साडेदहाचा सुमार. लख्ख ऊन. अण्णांना वेताच्या खुर्चीत उशा लावून व्हरांड्यात बसवलं होतं. आई आत मिक्सरवर चटणी वाटत होती. मी चटईवरून माझ्या अंदाजाची ती सळई उचलली, फडक्याने कुंकू पुसलं आणि शेडकडे निघाले. अण्णांना ओलांडून दोन पावलं गेले असेन.

"मंजू, ही क्लीनर साइडची आहे."

मागून. स्पष्ट. अडखळणं नाही, बोबडेपणा नाही. दोन वर्षांपूर्वीचाच, कोर्टातला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज.

मी वळले. अण्णा माझ्याकडे बघत होते. तोंड नेहमीसारखं उजवीकडे ओघळलेलं. मी सळई जवळजवळ टाकलीच.

"अण्णा? काय म्हणालात? अण्णा, परत बोला ना!"

"हं," ते म्हणाले.

आत मिक्सर चालूच होता. मी धावत जाऊन बटण बंद केलं. आई, अण्णा बोलले! आई वाटणाच्या हातानेच बाहेर आली, त्यांच्या पायांशी बसली, "अहो... अहो, बोला ना" असं कितीदा तरी म्हणाली. अण्णांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, पण शब्द नाही आला.

आणि मी काय केलं असेल? तुमच्यातल्या कोणीही त्यांना मिठी मारली असती. मी परीक्षा घेतली. त्या क्षणी मला एकच दिसत होतं — अण्णांच्या म्हणण्यावर मी त्यांचाच जीव टांगणार होते. त्यांनी कधी गाडीखाली डोकावलं नव्हतं. मी खुणा केल्या त्या शेडमध्ये, चिठ्ठ्या निघाल्या त्या मागच्या नळावर, आणि ते तिकडे येऊच शकत नव्हते. शिवाय अण्णा जन्मभर 'डावी बाजू' म्हणणारे; 'क्लीनर साइड' हा गॅरेजचा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेला नव्हता. मग हे आलं कुठून?

त्यांनी सांगितलेल्या सळईला मी मधोमध एक दोरा बांधला. दोन्ही सळया वर्तमानपत्रात टोकापासून टोकापर्यंत गुंडाळल्या. आईला म्हटलं, आतल्या खोलीत ने, हव्या तशा उलटसुलट कर आणि मला न सांगता हातात दे. आईने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही, पण केलं तिने. मी दोन्ही पुडकी अण्णांच्या मांडीवर ठेवली. कुठलं कोणतं, मलाही माहीत नव्हतं.

"अण्णा, क्लीनर साइडची कोणती?"

त्यांनी डावा हात उचलला आणि एका पुडक्यावर ठेवला. कागद फाडला. दोरा!

दुसऱ्यांदा केलं. दोरा.

तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळावर घाम होता. हात आधी हवेतच राहिला, मग खाली आला. कागद फाडला, आत दोरा. मी चौथ्यांदा वर्तमानपत्र घ्यायला गेले तशी आईने ते माझ्या हातातून ओढून घेतलं.

"बास! दोन वर्षांनी माणूस बोलला आणि तू त्याची व्हायवा घेतेस? तुझ्या पोरांची घे जा. माणूस दमलाय, दिसत नै का तुला?"

अण्णा खरंच दमले होते. डोळे मिटले होते त्यांनी. ओठांचा चालता कोपरा मात्र जरा वर गेला होता — ते हसत होते असं मला वाटलं, पण ते मी सिद्ध करू शकत नाही.

दुपारी उस्ताद आले. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, टर उडवतील. त्यांनी व्हरांड्यात जाऊन अण्णांना वाकून सलाम केला आणि मला म्हणाले, "बड़े साहब बोल दिए ना? फिर काय की बहस? लाओ डंडा." संध्याकाळच्या आत दोन्ही सळया, नवे शॉकअप, ब्रॅकेट, सगळं जाग्यावर होतं. विद्यानगरात एक चक्कर मारली. बेगम पाण्यावरून गेल्यासारखी गेली.

दुसऱ्या दिवशी गुलबर्गा. मी जीव मुठीत धरून चालवत होते, चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. कान सतत मागे. झहीराबादच्या पुढे आईने खांद्यावर टिचकी मारली. मी ब्रेकवर पाय ठेवला. ती हळूच म्हणाली, "झोपलेत." झटका आल्यापासून गाडीत ते पहिल्यांदा झोपले होते. अख्ख्या रस्त्यात एकही "हं" नाही. मला रडू आलं, आणि समोरचं दिसेना म्हणून गाडी बाजूला घेऊन थांबवावी लागली.

आत्याच्या पलंगाशेजारी त्यांची खुर्ची लावली. आत्या दोन तास बोलत होती — लहानपणचं, कोणी कोणाचे पेरू चोरले वगैरे — आणि अण्णा तिचा हात धरून ऐकत होते. निघताना आत्या मला म्हणाली, "आणलास गं पोरी, उपकार झाले." ती महिन्याभरात गेली. अण्णा पुढच्या उन्हाळ्यात गेले. मधल्या काळात ते एक अक्षरही बोलले नाहीत.

अण्णा गेल्यावर बेगम रंगकामासाठी पुन्हा उघडली, तेव्हा मी दोन्ही सळया — या वेळी खुणा रंगाने करून — कॉलेजच्या लॅबमध्ये नेल्या. मेटलर्जीच्या सरांनी टोकं घासून आरशासारखी केली आणि तेजाब लावलं. ठोकलेली खूण झिजून गेली तरी तिच्याखालचा धातू दबलेला राहतो, तेजाबाने तो वेगळा दिसतो. थोड्या वेळाने दोन्हीवर धूसर बाण उमटले. अण्णांनी सांगितलेली सळई डावीच होती. क्लीनर साइडची.

सर ती उलटसुलट करत असताना थांबले. मधल्या भागात एक तिरका घाव होता, कधीतरी छिन्नी लागल्यासारखा, नखालाही जेमतेम कळणारा. त्यांनी टेबलावरचं ओलं फडकं पिळून दाखवलं. "मॅडम, डाव्या बाजूला बसवली की पिळताना हा घाव मिटतो. उजवीकडे घातली असती तर दर खड्ड्याला उघडला असता. गुलबर्ग्याला गेला होतात म्हणता? पोचला नसतात." त्या गाडीत आम्ही तिघं होतो.

आता शंकेखोरांसाठी, मी तुमच्यातलीच आहे. तीनदा बरोबर येणं आठात एकदा नुसत्या नशिबानेही होतं, मला मोजता येतं. वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून कधीतरी एखादं अख्खं वाक्य निघून जातं, हेही डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ठीक. पण नेमकं तेच वाक्य, नेमक्या त्याच वेळी, आणि जे भिंगालाही दिसलं नाही ते अण्णांना कसं कळलं — याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही. शोधायचंही मी सोडलंय. ज्यांनी आपल्याला वाचवलं त्यांचे आभार मानायचे असतात, आणि त्या दिवशी वर्तमानपत्राच्या नादात ते राहून गेले. अण्णा, थँक यू.

एक कबुली द्यायची आहे. आईने तो आवाज ऐकला नव्हता, मिक्सरमुळे. पुढे कितीतरी वर्षं ती मधूनच विचारायची, "कसं म्हणाले गं ते?" आणि मी अण्णांसारखा आवाज काढून ते वाक्य म्हणून दाखवायचे. मग ती विचारायची, "माझं काही?" मी खरं तेच सांगायचे, नाही गं, तेवढंच. त्या वर्षापासून खंडेनवमीला तिने काहीही धुवायचं सोडलं होतं. लांबूनच फूल ठेवायची. "माझ्या हाताने नको," म्हणायची. मी रागात जे बोलले होते, ते तिच्यात तसंच रुतून बसलं होतं.

एका नवमीला मला ते बघवेना. म्हटलं, "आई, एक सांगायचं राहिलंच. त्या दिवशी आधी अण्णा सळयांकडे बघून म्हणाले होते — हिने काय लखलखीत घासल्यात!"

माझ्या आयुष्यातलं हे एकमेव खोटं रीडिंग. आई आता नाही, म्हणून लिहिते.

आईने हातातलं फूल खाली ठेवलं. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "लखलखणारच. चिंच लावली होती." आणि माझ्या पान्यांची पेटी उचलून नळावर घेऊन गेली.